‘आम्हाला कळलंच नाही’ म्हणणाऱ्या पालकांपर्यंत पोचायचं कसं?

प्रश्न घणसोलीतल्या एका तरुण शिक्षिकेचा आहे. अनुदानित मराठी माध्यमिक शाळा, आठवी ते दहावीचे साधारण सहाशे विद्यार्थी, आणि यंदा ‘पालक संपर्क’ हे काम मुख्याध्यापकांनी त्यांच्याकडे सोपवलं आहे. त्या लिहितात: “प्रत्येक वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, दैनंदिनी आहे, गेटजवळ सूचनाफलक आहे. तरी दर पालकसभेत कोणीतरी उठतं आणि ‘आम्हाला कळलंच नाही’ म्हणतं. आम्ही आणखी किती वेळा सांगायचं? मुख्याध्यापक आता एक ॲप विकत घ्यायचं म्हणताहेत. घ्यावं का?”

मी १९९४ ते २०२५ नवी मुंबईतल्या एका माध्यमिक शाळेत होते. आधी गणिताची शिक्षिका, मग पर्यवेक्षिका, शेवटची सहा वर्षं मुख्याध्यापिका. ॲपचं शेवटी सांगते. त्याआधी एक करा: पालकांचं ते वाक्य खरं माना. ‘कळलंच नाही’ हा बहाणा आहे असं मीही कितीतरी वर्षं धरून चालले होते, आणि त्याची किंमत एका मुलीनं मोजली.

मी मुख्याध्यापिका होण्याच्या आधीची गोष्ट. दहावीतली ती मुलगी इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ‘अ’ श्रेणीत पास झाली होती. त्या श्रेणीचे दहावीच्या निकालात ७ वाढीव गुण मिळतात, ‘ब’चे ५, ‘क’चे ३. पण ते आपोआप लागत नाहीत. मुलानं प्रमाणपत्राची प्रत आणि अर्ज शाळेत द्यायचा, शाळेनं मुदतीच्या आत प्रस्ताव पाठवायचा. आमच्याकडे सूचना परिपाठाला वाचली गेली. शिपाई मामा सूचना वही घेऊन सगळ्या वर्गांत फिरले, वर्गशिक्षकांनी सह्या केल्या. त्या आठवड्यात ही मुलगी साताऱ्याकडे गावी होती, आजी वारली म्हणून. परत आली तोवर प्रस्ताव गेला होता. निकाल लागल्यावर तिचे वडील आले. तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी काम करणारे, शांत माणूस. मी सूचना वही काढून त्यांच्यापुढे ठेवली, वर्गशिक्षकांची सही दाखवली. त्यांनी ते पान सावकाश वाचलं आणि विचारलं, “बाई, यात माझी सही कुठाय?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या वहीत शिक्षकाला कळल्याची नोंद होती. घरी कळल्याची नोंद आमच्याकडे कुठेच नव्हती, आणि ती असायला हवी हे आम्हाला तोवर सुचलंही नव्हतं. तुम्ही विचारता आहात, आणखी किती वेळा सांगायचं. मी म्हणेन, एकदाच सांगा. पण घरातलं जे माणूस त्यावर काही करणार आहे त्याला सांगा, त्याच्या सवडीच्या वेळी सांगा आणि त्याला कळलं की नाही हे तपासा.

त्यासाठी जूनमध्ये, ग्रुप बनवण्याआधी, एक कागद भरून घ्या. आम्ही त्याला ‘घरची माहिती’ म्हणायचो. नाव-पत्ता शाळेच्या दफ्तरी असतोच, तो पुन्हा विचारू नका. विचारायचं ते एवढं: दिलेल्या नंबरचा फोन दिवसभर कोणाच्या हातात असतो? शाळेचा निरोप घरात कोण वाचतं? वाचता येत नसेल तर वाचून कोण दाखवतं? फोनवर बोलायला सवड कधी असते? तातडीच्या वेळी दुसरा नंबर कोणाचा, आणि ते माणूस जवळ राहतं की गावाला?

पहिल्या वर्षी हे कागद वाचायला आम्ही चार शिक्षक शनिवारी दुपारी बसलो. मार्केटात जाणारे वडील मध्यरात्रीनंतर दोन-तीनला घर सोडतात, दुपारी झोपतात. आम्ही निरोप पाठवायचो दुपारी एकला, शाळेच्या ऑफिसात तेव्हा सवड असते म्हणून. ते उठून फोन बघेपर्यंत त्यावर चाळीस निरोप येऊन पडलेले असायचे. वाशी-सानपाड्याच्या सोसायट्यांमध्ये घरकाम करणाऱ्या आया कामावर असताना फोन पिशवीत ठेवतात. महापे-रबाळ्याच्या कंपन्यांत वॉचमनचं काम करणाऱ्यांची बारा तासांची पाळी, कधी दिवसाची तर कधी रात्रीची. काही आयांना मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही, काहींना हिंदीच समजतं. आणि कितीतरी कागदांवर ‘फोन कोणाच्या हातात असतो’ यापुढे मुलाचंच नाव होतं. असं कसं झालं, ते नंतर ध्यानात आलं. २०२० च्या जूनमध्ये ऑनलाइन वर्गांसाठी मिळेल तो नंबर आम्ही घेतला होता. घरात एकच स्मार्टफोन, तो मुलाच्या हाती गेला आणि पुढे त्याचाच झाला. आमच्या यादीत मात्र त्या नंबरापुढे ‘पालक’ असंच लिहिलेलं राहिलं. म्हणजे नववीतल्या मुलाच्या गैरहजेरीचा निरोप आम्ही त्याच मुलाला पाठवत होतो, आणि आई-वडील काही बोलत नाहीत म्हणून त्यांच्यावर रागावत होतो.

तुमच्या घणसोलीत चित्र थोडं निराळं असेल. गावठाणातली आगरी घरं, आयटीतले पालक, भाड्यानं राहून दर वर्षी घर बदलणारे. पण कागद भरून घेतल्याशिवाय अंदाज बांधू नका. आयटीतले पालक निरोप लगेच वाचतात हा माझा अंदाजही चुकीचाच निघाला होता.

आता व्हॉट्सॲप, कारण बहुतेक शाळांचं घोडं इथेच अडतं. वर्गाचा ग्रुप सगळ्यांना बोलायला मोकळा असेल तर शाळेची सूचना सकाळच्या शुभेच्छांखाली आणि वाढदिवसांखाली गाडली जाते. सूचनांचा ग्रुप वेगळा ठेवा आणि ‘फक्त ॲडमिनच निरोप पाठवू शकतील’ अशी सोय चालू करा. पालकांना शंका विचारायला वर्गशिक्षकांची ठरलेली वेळ द्या. काही शाळा ब्रॉडकास्ट लिस्ट वापरतात, म्हणजे एकच निरोप यादीतल्या प्रत्येकाला स्वतंत्रपणे जातो. तिच्यातली खोच अशी की ज्यांनी पाठवणाऱ्याचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलेला आहे त्यांनाच तो निरोप मिळतो. बाकीच्यांना तो जातच नाही, आणि आपण समजतो सगळ्यांना गेला. साध्या ग्रुपमध्ये दुसरी एक अडचण आहे: प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. आमच्या एका वर्गातल्या आईला ग्रुपमधून नंबर उचलून कोणीतरी रात्री-अपरात्री फोन करायला लागलं. ती बिचारी कोणाला न सांगता ग्रुप सोडून गेली, आणि पुढचे दोन महिने त्या घरी शाळेची एकही सूचना गेली नाही. व्हॉट्सॲपच्या ‘कम्युनिटी’ सोयीतल्या घोषणांच्या गटात पालकांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, म्हणून मी तोच वापरायला सांगते. कोणी ग्रुप सोडला की वर्गशिक्षकांनी त्याच आठवड्यात फोन करून कारण विचारावं. कारण नेहमी सांगण्यासारखं असतंच असं नाही, पण विचारलं तर पुढचा मार्ग काढता येतो.

मग वार आणि वेळ ठरवा. आम्ही गुरुवारी रात्री साडेआठला एकच पत्रक पाठवायचो. घरात त्याला ‘गुरुवारचं पत्रक’ असं नावच पडलं. गुरुवार अशासाठी की काही आणायचं-द्यायचं असेल तर शुक्रवार आणि शनिवारचा अर्धा दिवस हातात राहतो. रात्री साडेआठ अशासाठी की घरची माहिती वाचल्यावर जास्तीत जास्त घरांत त्या वेळी कोणीतरी मोठं माणूस सापडत होतं. ज्या आठवड्यात सांगण्यासारखं नसेल त्याही गुरुवारी ‘या आठवड्यात नवीन सूचना नाही’ एवढं पाठवायचं, म्हणजे वाट बघण्याची सवय मोडत नाही. गुरुवार सोडून मध्येच निरोप पाठवायचा तो तीनच कारणांसाठी: अचानक सुट्टी, मुलांच्या तब्येतीचा किंवा सुरक्षेचा प्रश्न, आणि बोर्डाची बदललेली तारीख. क्रीडास्पर्धेतल्या बक्षिसाचा फोटो गुरुवारपर्यंत थांबू शकतो. शिक्षकांना हे जड जातं. बक्षीस मिळाल्याचा आनंद त्यांना त्याच क्षणी सांगायचा असतो. पण मधल्या दिवसांत पालकांचा फोन शाळेच्या नावानं वाजला की काहीतरी महत्त्वाचं आहे, हा विश्वास सांभाळणं फार मोलाचं आहे.

सूचना लिहायची कशी, यावर मात्र मला थोडं सविस्तर बोलायचं आहे. आपली सवय अशी: ‘सर्व पालकांना कळविण्यात येते की, इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांची प्रथम घटक चाचणी दिनांक २१ पासून घेण्यात येणार असून, तरी सर्व पालकांनी याची नोंद घ्यावी व आपल्या पाल्यास उपस्थित ठेवावे.’ ही भाषा आपण शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या परिपत्रकांतून उचलली आहे. तिथे ती ठीक आहे. पण दिवसभर चार घरची भांडी घासून आलेल्या आईनं यातून काय समजायचं? ‘पाल्य’ हा शब्द घरात कोणीही बोलत नाही. तिला हवं आहे ते असं:

‘नववीच्या पालकांसाठी. सोमवारी २१ तारखेपासून चार दिवस घटक चाचणी आहे. पेपर रोज सकाळी ८ ते ९. नंतर नेहमीचे तास होतील, शाळा १२.३० लाच सुटेल, म्हणून डबा द्या. हे चार दिवस गावाला जाऊ नका. आजारपण असेल तर वर्गशिक्षकांना संध्याकाळी ६ ते ७ मध्ये फोन करा.’

पहिल्याच ओळीत कोणासाठी ते आलं पाहिजे, म्हणजे आठवीच्या घरांना पुढे वाचावं लागत नाही. तारखेबरोबर वार हवाच. लोक वारानं चालतात. घरानं काय करायचं ते स्पष्ट हवं, आणि काहीच करायचं नसेल तर ‘तुम्हाला काही करायचं नाही, फक्त माहितीसाठी’ हेही लिहा. एका निरोपात एकच काम सांगा. घरात जो शब्द चालतो तोच वापरा: आवेदनपत्र नको, ‘बोर्डाचा फॉर्म’; प्रवेशपत्र नको, ‘हॉल तिकीट’. शिक्का मारलेल्या पत्राचा तिरका फोटो पाठवू नका. तो साध्या फोनवर वाचता येत नाही आणि नंतर शोधताही येत नाही. पीडीएफ उघडायला नेट आणि जागा दोन्ही लागतात. सूचना थेट अक्षरांत टाईप करा.

आणि त्याच सूचनेखाली आवाजात तेच सांगा, पाऊण मिनिटाच्या आत. आमच्या मराठीच्या बाई हे काम करायच्या, नंतर हिंदीतून एक सर. ज्या आया वाचत नव्हत्या त्यांच्याकडून पहिल्यांदा आम्हाला उत्तरं यायला लागली, तीही आवाजातच: “बाई, समजलं, पाठवते पैसे.” सहीची जागा अशी भरून निघते. महत्त्वाच्या सूचनेला ‘समजलं’ एवढं उत्तर वर्गशिक्षकांना पाठवायला सांगा. दोन दिवसांत ज्यांचं आलं नाही त्यांची यादी करा, आणि त्यांना फोन. चाळीसच्या वर्गात असे फोन थोडेच उरतात आणि ते बहुतेक त्याच त्या घरांना करावे लागतात. त्या घरांची सवडीची वेळ तुमच्या कागदावर लिहिलेली असतेच.

हे फोन कोणत्या सूचनांसाठी करायचे? सगळ्यांसाठी नको, शिक्षक दमून जातील. माझ्या मते माध्यमिक शाळेत घरापर्यंत गेली नाही तर मुलाचं न भरून येणारं नुकसान होईल अशा सूचना वर्षात पाच-सहाच असतात. बाकीच्या चुकल्या तर फार तर गैरसोय होते.

त्यातली पहिली दाखल्यांची, आणि ती बहुतेक शाळा उशिरा देतात. अकरावीचा ऑनलाइन केंद्रीय प्रवेश आपल्या मुंबई महानगर क्षेत्रात आधीपासून होता, २०२५ पासून तो राज्यभर झाला. राखीव जागेवर अर्ज करायचा तर जातीचा दाखला लागतो, ओबीसीला त्याबरोबर नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे कुटुंब उत्पन्नाच्या ठरलेल्या मर्यादेत असल्याचा दाखला. आपण हे दहावीच्या निकालानंतर सांगतो. आता विचार करा: वडील सातारा, सांगली किंवा जुन्नरकडचे. जातीच्या दाखल्यासाठी त्यांचं कुटुंब मूळ कुठलं त्याचे जुने पुरावे लागतात. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला गावच्या झेडपीच्या शाळेत, जन्म-मृत्यूच्या नोंदीचा उतारा तालुक्याला. हे कागद इथे ठाण्याच्या तहसील कार्यालयात रांग लावून मिळत नाहीत, त्यासाठी गावीच जावं लागतं. आणि ही माणसं गावी जातात गौरी-गणपतीला, दिवाळीला आणि यात्रेला. म्हणून दाखल्यांची सूचना नववीच्या पालकांना गणपतीच्या आधी द्या, दिवाळीच्या सुट्टीआधी पुन्हा द्या. कोणते कागद गावाहून आणायचे त्याची यादी द्या. दहावीच्या वर्षाची वाटच बघू नका. आम्ही हे सुरू केल्यावर निकालानंतर शाळेच्या दारात रडवेले उभे राहणारे पालक खूप कमी झाले. ते समाधान मला निकालाच्या टक्क्यांनी कधी दिलं नाही.

आठवीसाठी अशीच एक सूचना एनएमएमएस परीक्षेची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या हुशार मुलांसाठीच्या केंद्राच्या शिष्यवृत्तीची. तुमची शाळा अनुदानित आहे, म्हणून तुमची मुलं पात्र आहेत. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल निवडलं गेलं तर नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये मिळतात. यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि तो काढायला गेलेल्या माणसाची एक-दोन दिवसांची मजुरी बुडते. म्हणून सूचनेत फक्त ‘उत्पन्नाचा दाखला जोडावा’ लिहून भागत नाही. कुठे जायचं, कोणते कागद न्यायचे, तिथे कोणत्या वेळी गर्दी कमी असते, हे विचारून लिहा. त्याच वस्तीतल्या एखाद्या पालकानं तो नुकताच काढलेला असतो. त्यांनाच विचारा.

मग दहावीची प्री-लिस्ट. बोर्डाचे फॉर्म ऑनलाइन भरले की शाळेला पूर्वयादी मिळते, तिच्यावर विद्यार्थ्याची सही घेऊन ती बोर्डाला जाते. आपलं मुंबई विभागीय मंडळ वाशीतच आहे, त्यामुळे चूक निघाली तर धाव घेता येते, पण ती घ्यावी लागू नये. पंधरा वर्षांचं मूल नावाचं स्पेलिंग काय तपासणार? मित्र शेजारी घाई करत असतात, ते पटकन सही करून मोकळं होतं. आईचं नाव, जन्मतारीख, आडनावाचं स्पेलिंग, घेतलेले विषय. यातली चूक मार्कशीटवर गेली की पुढे आधार, पासपोर्ट, कॉलेज सगळीकडे ती आडवी येते, आणि शाळा सोडल्यावर दुरुस्ती फार कठीण जाते. आम्ही प्रत्येक मुलाची स्वतःची नोंद चिठ्ठीवर उतरवून घरी पाठवायचो, जन्मदाखल्याशी ताडून पालकांची सही घेऊन मगच मुलाची सही. यात तीन दिवस जास्त जातात. ते तीन दिवस मुदतीतून आधीच बाजूला काढून ठेवा.

चित्रकलेच्या वाढीव गुणांचं वर सांगितलंच, खेळाच्या वाढीव गुणांची सूचनाही यातच धरा. बोर्डाच्या परीक्षेला ७५ टक्के हजेरी लागते, हे गावच्या यात्रेला आठवडाभर जाणाऱ्या घरांना जूनमध्येच सांगा, जानेवारीत सांगून उपयोग नाही. लेखी ८० गुणांचा पेपर घरात सगळ्यांना माहीत असतो, पण उरलेले २० गुण तोंडी, प्रात्यक्षिक आणि अंतर्गत कामाचे असतात आणि ते लेखी परीक्षेच्या आधीच होऊन जातात, हे अनेक पालकांना ठाऊक नसतं. अभ्यासासाठी म्हणून मुलाला फेब्रुवारीत घरी ठेवलं आणि प्रात्यक्षिक बुडालं, असं मी पाहिलं आहे.

पावसाची सुट्टी हा आपल्या भागातला वेगळाच विषय. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, लोकल बंद पडल्या, फोन लागेनात. आमच्या दुपारच्या सत्राची मुलं शाळेत, आणि त्यांच्यातल्या अनेकांचे आई-वडील ठाणे, कुर्ला, मुंबईकडे अडकलेले. त्या रात्री आम्ही सात शिक्षक आणि दोन शिपाई मामा मुलांना घेऊन शाळेतच राहिलो. पीठ-तांदूळ शेजारच्या चाळीतून आलं. घरी निरोप कसा गेला? वस्तीतली दोन तरुण मुलं छातीएवढ्या पाण्यातून घरोघर सांगत गेली, ‘पोरं शाळेत आहेत, बरी आहेत.’ ती रात्र ज्या आयांनी काढली त्यांना मी नंतर भेटले. पाण्याची भीती त्यांना होतीच, पण मूल कुठे आहे हे माहीत नसणं हे त्याहून भयंकर होतं.

त्यानंतर आम्ही ठरवलं आणि दर जूनमध्ये लिहून घरी दिलं: शाळा भरल्यावर जोराचा पाऊस आला तर मुलांना एकटं सोडणार नाही, न्यायला कोण येऊ शकतं त्यांची नावं आमच्याकडे आहेत, कोणी आलं नाही तर मूल शाळेत सुखरूप ठेवू. आजही ही सूचना पहिल्या आठवड्यात गेली पाहिजे. सुट्टीच्या अफवांचं वेगळं. जिल्हाधिकारी किंवा महापालिका सुट्टी जाहीर करते तेव्हा आदेश कधी रात्री उशिरा येतो, कधी पहाटे. तेवढ्यात मागच्या वर्षीचा आदेश तारीख खोडून फिरायला लागतो. यावर एकच नियम चालतो: सुट्टी असेल तर शाळेच्या ग्रुपवर सकाळी साडेपाचपर्यंत शाळेचा निरोप येईल, निरोप आला नाही तर शाळा आहे, इतर कुठून आलेला फोटो धरायचा नाही. आणि साडेपाचचा निरोप पाठवण्याची जबाबदारी दोघांवर हवी. एकाचा फोन बंद असू शकतो.

आता सगळ्यात नाजूक बाब. आठवी ते दहावीचं मूल हे लहान मूल राहिलेलं नसतं. त्याच्याबद्दल घरी काय जातंय हे त्याला आधी कळलं पाहिजे. ‘तुझी गैरहजेरी चार दिवस झाली, मी आज संध्याकाळी आईला फोन करणार आहे, तुला आधी काही सांगायचं आहे का?’ एवढं विचारलं तर अर्ध्या वेळा मूल जे सांगतं ते आपल्या कल्पनेपलीकडचं असतं. वडील दवाखान्यात आहेत, धाकट्या भावाला सांभाळायला कोणी नाही, बसचे पैसे नाहीत. मग आईला केलेला फोन तक्रारीचा न होता मदतीचा होतो.

एका मुलाचे गुण, फी, गैरहजेरी, वागणूक यांतलं काहीही वर्गाच्या ग्रुपवर कधीही जाऊ नये. आमच्याकडे एकदा सहलीचे पैसे न भरलेल्यांची यादी एका शिक्षकांनी नावांसकट ग्रुपवर टाकली. त्यांचा हेतू आठवण करून देण्याचाच होता. यादीतला एक मुलगा दुसऱ्या दिवसापासून आठ दिवस शाळेत आला नाही. मी त्याच्या घरी गेले तेव्हा आई म्हणाली, “पैसे नव्हते हे आम्हाला माहीत होतं बाई, सगळ्यांना कशाला सांगितलंत?” आम्ही तिची आणि मुलाची माफी मागितली आणि तेव्हापासून असा निरोप फक्त त्या घराला, तोही फोनवर बोलून, हा नियम झाला.

चांगलं घडलं तरीही फोन करा. प्रत्येक वर्गशिक्षकानं आठवड्यातून दोन घरांना, काहीही मागायचं नसताना. ‘तुमच्या मुलीनं आज प्रयोगशाळेत दुसऱ्या गटाला समजावून सांगितलं,’ एवढंच. शाळेचा नंबर दिसला की आईच्या पोटात गोळा येतो, तो यामुळे जातो. पुढे अडचणीचा फोन करायची वेळ आली की ती ऐकून घेते.

सुरक्षेच्या बाबतीत लपवाछपवी अजिबात नको. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याची घटना घडली तेव्हा आपल्या सबंध ठाणे जिल्ह्यातले पालक हादरले होते. आमच्याही गेटवर आया येऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांनी यायलाच हवं होतं. आम्ही त्याच संध्याकाळी सगळ्यांना आत घेतलं, स्वच्छतागृहांकडे कोण जातं, मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत असलेल्या सखी सावित्री समितीत कोण आहे, तक्रारपेटी कोण उघडतं, चाइल्डलाइनचा १०९८ नंबर मुलांना पाठ आहे का, हे सगळं दाखवलं. काही गोष्टी अपुऱ्या होत्या, तेही सांगितलं आणि कधीपर्यंत होतील ती तारीख दिली. तुम्ही हे कोणी विचारण्याची वाट बघू नका. जूनच्या पहिल्या पालकसभेतच दाखवा.

पालकसभेबद्दल थोडंच. शनिवारी सकाळी अकराला सभा ठेवली तर घरकामाच्या आया आणि पाळीवरची माणसं येणारच नाहीत. एकाच विषयाच्या दोन सभा ठेवा, एक रविवारी सकाळी आणि एक आठवड्यातल्या एखाद्या दिवशी संध्याकाळी सातला. चाळीस मिनिटं, त्यातली वीस पालकांना बोलायला. जे आले नाहीत त्यांना सभेत काय ठरलं ते त्याच रात्री पाठवा. पालक-शिक्षक संघाची माणसंही कामाला लावा. प्रत्येक सेक्टरमधून, गावठाणातून, चाळीतून एक आई किंवा एक बाबा असे निवडा की ज्यांच्या दारात लोक सहज जातात. आमच्याकडे वस्तीतल्या एक किराणा दुकानवाल्या ताई होत्या. फोन बंद असलेल्या घरांना शाळेचा निरोप त्या दूध-पाव देताना द्यायच्या. फक्त त्यांच्यामार्फत कोणाही मुलाची खासगी गोष्ट जाणार नाही, हे पाळा.

राहिलं ॲप. यंदा घेऊ नका असं मी मुख्याध्यापकांना सांगेन. ॲप चांगलं असू शकतं. हजेरी, गुण, वेळापत्रक एका जागी राहतं आणि कोणी उघडलं तेही दिसतं. पण ते वापरायला पालकाच्या स्वतःच्या हातात स्मार्टफोन हवा, पासवर्ड आठवायला हवा, आणि फोन बदलला की ते पुन्हा घालून द्यायला कोणीतरी हवं. तुमच्या सहाशे घरांपैकी किती घरांत हे आहे ते आज तुम्हाला सांगता येणार नाही. घरची माहिती भरून घेतलीत की सांगता येईल. एक वर्ष गुरुवारचं पत्रक चालवा, ‘समजलं’ची यादी ठेवा. नववीचा एकच वर्ग घेऊन सुरुवात केलीत तरी चालेल. मार्चमध्ये ती यादी मुख्याध्यापकांपुढे ठेवा. ज्या घरांना वर्षभर फोन करावे लागले ती घरं ॲपनं जोडली जाणार असतील तर घ्या. नसतील तर त्या पैशांत ऑफिससाठी एक साधा फोन आणि वर्षाचं रिचार्ज घ्या, तो नंबर प्रत्येक दैनंदिनीच्या पहिल्या पानावर छापा, आणि संध्याकाळी सहा ते आठ तो उचलायला माणूस नेमा.